बंद घरांची यादी

उइटहॉर्न,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय पुष्कर,

फोनवर काही विचारलं की तुझं नेटवर्क जातं, म्हणून मेलवर लिहून विचारतेय. सविस्तर उत्तर हवं. अंगठा पाठवलास तर याद राख.

इकडे सगळे बरे आहेत. कोजागिरी आज आहे, पण मंडळानं दूध शनिवारीच आटवलं, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या शाळेच्या हॉलमध्ये. प्रसन्न तीन ग्लास प्यायला आणि रविवारभर पोट धरून बसला. ज्ञानदा आली नाही. तिला म्हटलं चल गं, तर म्हणाली, "मॅम, डू नॉर्माल," म्हणजे, आई, जरा नीट वाग. तेरा वर्षांची झालीये, आता आई वेडी वाटायचीच.

आता कामाचं. तुझ्या चिलंगो जिल्ह्याचा मक्याचा आकडा माझ्यासमोर आहे. हेक्टरी बारा क्विंटल. दहाच्या वर म्हणजे 'पुरेसा' जिल्हा. तेरा नोव्हेंबरला राजधानीत, लिलाँग्वेत अहवाल जाहीर होणार. चिलंगो 'पुरेसा' ठरला की तिथल्या सरकारी गोदामातला मका चोवीस तारखेपासून उत्तरेकडे हलवणार, हे ठरूनच गेलंय. म्हणजे जानेवारी ते मार्च, जेव्हा घरातला मका संपतो, तेव्हा चिलंगोत काही नसणार.

हे मी उगाच लिहीत नाहीये. काल पावसाची नोंद बघत होते. चिलंगोत फेब्रुवारी-मार्चमध्ये सलग पाच आठवडे पाऊस नाही. मका नेमका दाण्यात यायच्या वेळी. आणि तरी बारा क्विंटल? पुष्कर, आपण पाटोद्याकडचे. पाच आठवडे आभाळ कोरडं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको.

सरळ विचारते. तुझ्या सर्वेक्षणाच्या पोरांनी झाडाखाली बसून फॉर्म भरले का? तसं असेल तर आत्ता सांग. या कामासाठी तुझं नाव मीच सुचवलं होतं, हे विसरू नकोस.

तुझी,
सुनेत्राताई


लिलाँग्वे,
गुरुवार, ९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

झाडाखाली! माझी सहा माणसं जुलैत महिनाभर मोटारसायकलवरून चारशे ऐंशी घरं हिंडली. त्यातली ग्रेस, जी सगळ्यांची प्रमुख आहे, ती एका ओढ्यात गाडीसकट पडली आणि गुडघ्याला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामावर आली. प्रत्येक फॉर्मवर जागेची आणि वेळेची नोंद टॅबलेट आपोआप करतं. तपास की. तुझ्याकडेच तर आहे सगळं. उइटहॉर्नहून ट्राममध्ये बसायचं, ऑफिसात कॉफी प्यायची, आणि इथल्या पोरांवर आळ घ्यायचा, हे बरं जमतं तुला.

पावसाचं म्हणशील तर पर्जन्यमापक आहे पार टेकडीपलीकडे. शिवाय नदीकाठी ओल टिकते. त्या लोकांना बरा मका झाला, मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि एक विनंती. तुझ्या त्या साहेबीणबाईंना, मरायकेला, यातलं काही बोलू नकोस. हे माझं इथलं पहिलं मोठं काम. माझा बॉस असल्या शंका ऐकून घेणारा नाही, तो माणूस बदलून मोकळा होतो. तुझंही कायमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिना-दीड महिन्यात व्हायचंय ना?

प्रसन्न भावोजींना म्हणावं, दूध जपून.

पुष्कर


उइटहॉर्न,
सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रिय पुष्कर,

आधी माफी मागते. फॉर्म खरे आहेत. जागा, वेळ, सगळं तपासलं. ग्रेसला माझा नमस्कार सांग आणि तिचा गुडघा कसा आहे ते कळव.

आता माझी चूक. बसून वाच.

फॉर्म खरे, मग बारा क्विंटल आले कुठून, म्हणून मी जुलैची मूळ फाइल उघडली. तू पाठवली होतीस तशीच, कच्ची. सर्वेक्षणाआधी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांची यादी शेजारी लावली. चारशे ऐंशीपैकी एकशे शहाण्णव घरं मूळ यादीतली नाहीतच. त्यांच्या जागी शेजारचं घर घेतलंय. नियमात बसतं ते, माहीत आहे मला. पण कच्च्या फाइलमध्ये एक रकाना होता, 'घर बदलण्याचं कारण'. तो रकाना ऑगस्टमध्ये मी काढून टाकला. अंतिम तक्त्यात त्याला जागा नव्हती, मरायकेला फाइल शुक्रवारी हवी होती. मी वर-खाली नजर टाकली आणि उडवला.

त्या रकान्यात एकशे सत्त्याऐंशी वेळा लिहिलंय, 'घर बंद'.

पुष्कर, मी ते वाचलं होतं रे. वाचलं नाही असं नाही. वाचून माझ्या मनात काय आलं सांगू? जुलै आहे, लोक सुट्टीवर गेले असतील! आमची अख्खी गल्ली जुलैत रिकामी असते. कॅराव्हान जोडून फ्रान्सला. समोरच्या आजी आमच्याकडे किल्ली देऊन जातात, कुंड्यांना पाणी घालायला. बंद घर म्हटलं की मला फाकान्सीच आठवते आता. या लोकांच्या सुट्टीला आमच्या घरातही कुणी दुसरा शब्द वापरत नाही.

मी! बाबांच्या वर्गात दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी असायची. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दाराला काटेरी फांदी लावलेली असायची. बंद घर म्हणजे घरात दाणा नाही म्हणून माणसं पोट घेऊन बाहेर पडली, हे मला सहाव्या वर्षी कळत होतं. अकरा वर्षांत विसरले. लाज वाटते रे, दुसरा शब्द नाही.

म्हणजे ज्यांचं पीक गेलं ते निघून गेले, आणि त्यांच्याऐवजी ज्यांचं पिकलं त्यांना आपण मोजलं. बारा क्विंटल असे आले.

मला दोन गोष्टी सांग. ही माणसं कुठे गेली? आणि नियमाप्रमाणे बंद घरी तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं असतं. तुझी पोरं गेली होती का?

सुनेत्राताई


उइटहॉर्न,
मंगळवार, २१ ऑक्टोबर

पुष्कर,

आठ दिवस झाले. आज लक्ष्मीपूजन, तुझा साधा दिवाळीचा मेसेज नाही. मावशी म्हणाली तिच्याशी रोज बोलतोस. म्हणजे नेटवर्क आहे.

तुझ्या गप्प बसण्यावरून मला उत्तर कळलंय. पण मला ते तुझ्या हातचं हवंय.

सु.


लिलाँग्वे,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ताई,

घे माझ्या हातचं.

तीन वेळा गेली, पण एकाच दिवशी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. इथे दारावर टकटक करत नाहीत, अंगणात उभं राहून 'ओडी' म्हणतात. माझ्या पोरांनी तीनदा 'ओडी' म्हटलं, तीनदा टॅबलेटवर टिक केली आणि शेजारी गेली. तसं करा असं मीच सांगितलं होतं. मोटारसायकली भाड्याच्या, पुढच्या जिल्ह्याला द्यायच्या होत्या. ग्रेस म्हणाली होती, सर, उद्या परत येऊ या. मी म्हटलं, उद्या कुणी उगवणार आहे का? आणि शेवटी नियम पाळल्याचा दाखला मी सही करून दिला.

माणसं कुठे गेली, तर गन्यूला. म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. एरवी डिसेंबरात जातात, यंदा जूनमध्येच गेली. काही चहाच्या मळ्यांवर, बरीच मोझांबिकमध्ये. मला तेव्हाच थोडं कळलं होतं. थोडं नाही, बरंच.

आता माझं ऐक आणि चिडू नकोस. हे बाहेर आलं तर आधी ग्रेस आणि बाकीची पाच जणं जातील. सही माझी असली तरी काढून टाकायला तीच सोपी. मग मी. मग तू, कारण रकाना तू उडवलास. तुझं कॉन्ट्रॅक्ट तोंडावर आलंय. प्रसन्न भावोजींच्या व्हिसावर कित्येक वर्षं घरात बसून, डच शिकून, परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. त्या मरायकेला तुझ्या जागी दुसरी मिळायला दोन दिवस लागणार नाहीत.

आणि एका अहवालानं कुठे काय हलतं गं? असे अहवाल ढिगानं पडलेत इथे.

दिवाळीच्या शुभेच्छा. उशिरानं.

पुष्कर


उइटहॉर्न,
सोमवार, २७ ऑक्टोबर

पुष्कर,

एका अहवालानं मका हलतो. चिलंगोतल्याच गोदामाबाहेर ट्रकवाल्यांसाठी नोटीस लागलीये. माझ्या सहकाऱ्यानं फोटो दाखवला, कौतुकानं. बघा, आपल्या आकड्यांवर सरकार किती पटकन काम करतंय! मी फोटो बघून छान म्हटलं. त्याच्या वाढदिवसाचा केक होता, तोही खाल्ला.

मी तुला शिव्या देणार होते, पण कोणत्या तोंडानं देऊ? मला चूक कळून पंधरा दिवस झाले आणि मी रोज ऑफिसला जाऊन येतेय. कुणाला एक अक्षर बोलले नाही.

प्रसन्नला सांगितलं परवा. तो म्हणाला, "आधी सही, मग सांग." बारा नोव्हेंबरला, बुधवारी, माझी सही आहे. तो वाईट माणूस नाही, तू ओळखतोस. मी घरात बसून असायचे ती वर्षं त्यानं पाहिली आहेत. बाल्कनीतून शेजारणींच्या सायकली मोजायचे मी. तो म्हणतो, अहवाल गुरुवारी जाहीर होतोय, तू बुधवारी संध्याकाळी सांग, दोन्ही जमतं. पण नाही जमत. चिलंगोची फाइल मंत्रालयाकडे मंगळवारीच रवाना होते. एकदा ती तिकडे गेली की दुरुस्ती त्यांच्या समितीपुढे, आणि समिती बसते फेब्रुवारीत. तोवर मका गेलेला असेल.

म्हणजे माझ्याकडे सोमवार, दहा तारीख आहे. त्याच्यापुढे नाही.

पण नुसतं 'घर बंद' घेऊन गेले तर मरायके म्हणेल, ते उपाशी कशावरून? आणि खरंच, कशावरून? कदाचित तुझं बरोबर असेल, कदाचित पीक ठीक आलं असेल आणि ते जादा कमवायला गेले असतील. मला नक्की माहीत नाही. एकदा न बघता मी आकडा पाठवलाय, पुन्हा नाही पाठवणार.

एकशे सत्त्याऐंशी घरांची यादी सोबत जोडलीये, जागेसकट. जा आणि बघून ये. ऑफिसला सांगू नकोस, रजा टाक. मी तुला ताई म्हणून सांगतेय, संस्थेची कुणी म्हणून नाही.

नाही गेलास तरी मी सोमवारी बोलणार आहे. असं लिहितेय खरं.

सुनेत्राताई


चिलंगो,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ताई,

आठ दिवसांची रजा टाकली. ग्रेसला काही सांगणार नव्हतो, पण तिच्याशिवाय मला वाटाही सापडल्या नसत्या. यादी तिनं शेवटच्या घरापर्यंत वाचली. मग म्हणाली, "सर, मी जुलैत म्हटलं होतं." एवढंच. त्यानंतर आठ दिवसांत एकदाही तिनं तो विषय काढला नाही. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळी एकशे सत्त्याऐंशी दारं झाली. एकशे एकवीस अजून बंदच आहेत. शेजाऱ्यांना विचारून लिहून घेतलंय, कोण कधी गेलं आणि त्यांना मका किती झाला होता. सहासष्ट उघडी मिळाली, पण उघडी म्हणजे काय, कुठे म्हातारी माणसं, कुठे मुलांना मागे ठेवून गेलेत. एका घरी अकरा वर्षांची मुलगी दोन भावांना सांभाळते. तिला विचारलं, मका किती झाला, तर ती आम्हाला शेतात घेऊन गेली. ताटं उभी होती अजून, कंबरेएवढी. कणीसच धरलं नव्हतं. तिनं एक ताट उपटून ग्रेसच्या हातात दिलं, पुरावा म्हणून.

सहासष्टपैकी एक्कावन्न घरांना काहीही झालं नाही. पंधरा घरांना एखाददुसरं पोतं. लोक आत्ताच दिवसातून एकदा जेवतात, आणि ते पण भोपळ्याची पानं आणि कच्चे आंबे. नोव्हेंबर आहे हा, ताई. जानेवारी लांब आहे.

सगळं धरून सरासरी काढली. साडेसात. आठाच्या खाली असेल तर गोदामाला हात लावायचा नाही असा त्यांचाच नियम आहे. तू तपास, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझ्या पत्रातली 'कदाचित' वाचून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, जाऊन येऊ, सगळं ठीक निघेल, ताईचं तोंड बंद होईल.

फोटो आणि फॉर्म सोबत. मी सही केलेलं पत्रही जोडलंय, की एका दिवसात तीन फेऱ्या करायला मीच लावलं आणि ग्रेसनं विरोध केला होता. माझं नाव ठळक घाल. बाकी पोरांची नावं कुठेही येऊ देऊ नकोस, हात जोडतो.

तू मात्र भावोजी म्हणतात तसं बघ. मीच परस्पर मरायकेला पाठवलं तर? तुला काही माहीतच नव्हतं असं होईल. रकान्याचं कोण विचारतंय?

पुष्कर


उइटहॉर्न,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय पुष्कर,

शनिवार-रविवार दोन्ही दिवस मी तुझे फॉर्म एकेक करून भरले. साडेसातच येतं.

तू परस्पर पाठवायचं म्हणालास ते मी रविवारी दुपारपर्यंत मनात घोळवत होते. प्रसन्नही म्हणाला, देव भेटला तुला या पोराच्या रूपानं. मोह झाला, खूप झाला. पण तू एकटा पाठवलंस तर मरायके आधी मला बोलावणार आणि विचारणार, सुनेत्रा, कच्ची फाइल तुझ्याकडे होती, त्यात काय होतं? मग मी काय सांगू, पाऊस बघत होते? आणि तिनं माझ्या शब्दावर तुला खोटा ठरवलं तर मका गेलाच.

सोमवारी सकाळी तिच्या खोलीत गेले. दार लावलं. डच फाडफाड येतं म्हणून मिरवते ना मी, एक वाक्य धड निघेना. शेवटी इंग्रजीत सांगितलं. तिनं वीस मिनिटं वाचलं. त्या मुलीच्या हातातल्या ताटाचा फोटो तिनं मोठा करून पाहिला. मग विचारलं, "तो रकाना कुणी काढला?"

म्हटलं, "मी."

"का?"

काय सांगणार? सांगितलं, मला वाटलं सुट्टीवर गेलेत.

ती हसली नाही. तिच्या टेबलावर माझ्या नावाची फाइल होती, बुधवारच्या सहीची. तिनं ती उचलून खणात ठेवली, माझ्यादेखत. म्हणाली, चूक सगळ्यांकडून होते, पण तुला महिनाभर माहीत होतं आणि तू रोज इथे येऊन बसत होतीस, ते मला झेपत नाही. खरं आहे तिचं. मी वाद घातला नाही. तीस नोव्हेंबरला माझं काम संपतंय.

पण चिलंगोची फाइल तिनं थांबवली. माझ्यासमोर फोन लावला. आज चिलंगोचं पान गेलं नाही. अहवाल बाकीच्या जिल्ह्यांचा निघेल, चिलंगोत पुन्हा सर्वेक्षण होणार, आणि तोवर मका हलवू नका असं तिनं मंत्रालयाला लेखी कळवलंय. ते ऐकतील की नाही, तिच्या हातात नाही.

ट्राममध्ये रडले. समोरच्या बाईनं टिश्यू दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली, फार सभ्य असतात हे लोक. घरी प्रसन्ननं कुकर लावला. आज मला राग येतोय सगळ्यांचा. तुझा, माझा, मरायकेचा, त्या अंतिम तक्त्याचा. बरं वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटत आहे.

तुझी बातमी कळव. मका राहिला का, एवढंच आधी लिही.

सुनेत्राताई


चिलंगो,
शनिवार, २९ नोव्हेंबर

ताई,

मका राहिला.

चोवीस तारखेला ट्रक आले होते, सात. दोन भरूनही झाले. मग लिलाँग्वेहून आदेश आला. भरलेले दोन उतरवायला लावले, ड्रायव्हर चिडून गेले. मी रस्त्यापलीकडे उभा राहून एकेक पोतं आत जाताना बघितलं.

माझं काम गेलं. पंधरा डिसेंबरपर्यंत नोटीस, मग पुण्याला. बॉसनं एक बरं केलं, पुन्हा सर्वेक्षण ग्रेसकडे दिलं. पाचही जणं तिच्याबरोबर आहेत. मला नोटिशीच्या काळात काही काम नव्हतं, तर मी तिला म्हटलं, तुझी गाडी चालवतो. आता ती मागे बसते आणि मला वाटा सांगते. बंद घर असलं की आम्ही दुसऱ्या दिवशी जातो, मग तिसऱ्या. कुणीही घाई करत नाही.

पाऊस लागणार म्हणून पेरणीसाठी काही लोक परततायत. परवा एक घर, जुलैत बंद होतं, उघडं मिळालं. एस्नार्ट नावाची बाई, मोझांबिकहून चालत आलेली, पाय सुजलेले. ग्रेसनं आधी तिची माफी मागितली. सांगितलं, आम्ही जुलैत आलो होतो, तुम्ही नव्हता, म्हणून तुमच्या जागी दुसरं घर लिहिलं. मग प्रश्न विचारायला लागली. मका किती झाला? काही नाही. ग्रेसनं शून्य भरलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली, तर बाईनं तिचा हात धरला. दाखव म्हणाली, काय लिहिलंस. ग्रेसनं टॅबलेट तिच्याकडे वळवलं. तिनं ते शून्य नीट बघितलं, आणि मग ग्रेसला सोडून मला विचारलं, कारण साहेब मी दिसत होतो.

"जुलैत माझ्या जागी कुणाचा मका लिहिलात?"

मला माहीत होतं, ताई. कुंपणापलीकडच्या घराचा. चौदा पोती. ते घर तिथून दिसत होतं. मी तिच्या पायांकडे बघत उभा राहिलो.

पुष्कर